घाम न गाळता

आमच्या घरात व्यायाम मोजायचं माप एकच होतं, घाम. आजोबा औंध संस्थानातल्या शाळेत शिकलेले. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा असा ध्यास घेतला होता की शाळेत नमस्कार घातल्याशिवाय पोरांची सुटका नसे. आजोबांनी ती सवय पुण्याला आणली आणि म्हातारपणापर्यंत टिकवली. पहाटे उघड्या अंगाने ते नमस्कार घालत. संपले की सतरंजीवर त्यांच्या कपाळाचा, छातीचा, गुडघ्यांचा ओला ठसा उमटलेला असे. तो आम्हा नातवंडांना दाखवून म्हणत, "हा बघा हिशेब. बाकी सगळं तोंडाची वाफ."

या हिशेबात वाढलेल्या मुलीला पुढे असा आजार जडला की अंग तापलं की नजर अंधुक होते आणि डावा पाय जड पडतो. अंग निवलं की दोन्ही ताळ्यावर येतात. आजोबा तोवर गेले होते. असते तर त्यांना हे पटवून देणं मला काही जमलं नसतं.

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस, आम्हा पेशंट लोकांत नुसतं एमएस. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच उलटते आणि मेंदू, मज्जारज्जू, डोळ्यांच्या नसा यांतल्या तंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण कुरतडते. कुरतडलेल्या जागी व्रण राहतो. तिथून जाणारा निरोप कधी उशिरा पोचतो, कधी अर्धवट, कधी पोचतच नाही. बहुतेकांना हा आजार विशी ते चाळिशीत गाठतो, आणि बायकांना पुरुषांच्या दुपटी-तिपटीने. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ साली त्याचं पहिलं नीट वर्णन केलं. भवानराव पंतप्रतिनिधींचा जन्मही १८६८चाच. अशा जुळण्यांना काही अर्थ नसतो हे मला कळतं. तरी माझ्या आयुष्यातल्या या दोन गोष्टी एकमेकींचा पाठलाग करत आल्या आहेत असं वाटतं, ते वाटणं जात नाही.

आपल्याकडे एमएस फारसा होत नाही, असंच बरीच वर्षं मानलं जायचं. मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट नोशिर वाडिया यांनी १९९० साली दाखवून दिलं की तिथल्या पारशी समाजात तो भारतातल्या इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आहे. पुढे एमआरआयची यंत्रं जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली आणि बाकीच्यांमधलेही सापडायला लागले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आता त्याचं नाव आहे. तरी रिक्षावाल्यापासून नणंदेपर्यंत प्रत्येकाला "म्हणजे नेमकं काय झालंय?" हे मी अजून सांगतेच आहे. दिसायला ठणठणीत आहे ना मी, हीच पंचाईत.

उष्णतेची भानगड विल्हेल्म ऊटहॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० साली टिपली. मेहनत करून आल्यावर त्याच्या काही रुग्णांची नजर तेवढ्यापुरती मंदावायची. त्याने दोष श्रमाला दिला. खरा दोषी ताप, अंगात चढणारी ऊब, हे ध्यानात यायला बरीच वर्षं जावी लागली. आवरण झिजलेल्या तंतूतून निरोप आधीच कसाबसा पुढे सरकत असतो. शरीराचं आतलं तापमान अर्धा अंश सेल्सिअस वाढलं तरी तो वाटेतच विझू शकतो. एमआरआय येण्यापूर्वी डॉक्टर निदानासाठी हीच युक्ती वापरत. रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवायचं आणि लक्षणं उमटतात का ते बघायचं. (आमच्या सोसायटीतल्या एक काकू दर हिवाळ्यात मला "गरम पाण्यात पाय सोडून बस गं" असं मायेने सांगतात, तेव्हा मला तो टब दिसतो.)

उष्णतेने येणारं हे अंधारणं नसेला नवी इजा करत नाही, एवढा त्यात दिलासा. पण ऊटहॉफच्या निरीक्षणाचा परिणाम असा झाला की पुढची शंभरेक वर्षं एमएसच्या रुग्णांना "दमू नका, जपून राहा" हेच सांगितलं गेलं. जपून राहता राहता माणसं खाटेला खिळली. पायातली ताकद आजाराने किती गेली आणि पडून राहण्याने किती, याचा निवाडा करणंही मग अवघड. १९९६ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात जॅक पेटाजन आणि सहकाऱ्यांनी ५४ रुग्णांचे दोन गट पाडले, त्यातल्या एका गटाला १५ आठवडे हातापायांनी फिरवायच्या सायकलीवर नियमाने व्यायाम करायला लावला. ताकद वाढली, दम वाढला, मनही सावरलं. आजार बळावला नाही. तेव्हापासून डॉक्टरांची भाषा हळूहळू बदलली.

मला निदानानंतर लगेच व्यायाम करायला सांगणारे डॉक्टर मिळाले, ही त्या १९९६ नंतरच्या काळाची कृपा. ते एवढंच म्हणाले, "काहीही करा, फक्त तापू नका आणि पडू नका." आता पुण्यात राहून, एप्रिल-मे मध्ये, हातात सतरंजी असलेल्या बाईने न तापता काय करायचं?

सल्ल्यांना तोटा नव्हता. आईची एक मैत्रीण घरी येऊन सांगून गेली की तिच्या नात्यातली कोणीतरी रोज पहाटे योगा करून पार खडखडीत बरी झाली. "गोळ्या-इंजेक्शनं सगळी बंद. अगं, सोडून दे तू पण." अशा माणसाशी मी वाद घालत नाही, चहा टाकते. पण नवीन निदान झालेलं कोणी फोन करतं तेव्हा मात्र पहिल्याच वाक्यात सांगते की आसनांनी व्रण भरत नाहीत. पुढचे झटके, म्हणजे आजाराचं पुन्हा उसळणं, रोखायचं काम औषधांचं आहे, ती महाग असली, त्रास देत असली तरी. योगाचं काम वेगळं आहे. ते काय, हे मलाही एका फटक्यात कळलं नाही.

मी आधी गेले तो वर्ग चारचौघांसारखा होता. मोठा हॉल, खच्चून भरलेला, पंखे बंद, कारण पंख्याने घाम सुकतो म्हणे. भराभर नमस्कार, मग कपालभाती. पाचव्या-सहाव्या नमस्काराला समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पांढरं झालं. मॅडम चांगल्या होत्या, प्रेमळ होत्या, पण सगळ्यांना एकच माप लावत. "मान खाली, हनुवटी छातीला" असं त्या म्हणाल्या की माझ्या मानेपासून कंबरेपर्यंत विजेची सणक जायची. एकदा मी त्यांना तसं सांगितलं. त्यांचे डोळे लकाकले. "अहो, कुंडलिनी!" म्हणाल्या. मला त्यांचा आनंद मोडवला नाही. त्या सणकीला लेर्मितचं चिन्ह म्हणतात, जाँ लेर्मित या फ्रेंच डॉक्टरांनी १९२४ साली एमएसच्या संदर्भात ते मांडलं. मानेतल्या मज्जारज्जूवर व्रण असला की मान वाकवताना तो ताणला जातो आणि झिणझिणी येते. त्यात जागृत काही होत नाही. हलासन, सर्वांगासन मी त्या दिवसापासून कायमचं सोडलं.

दुसरी गोष्ट डोळे मिटण्याची. योगाच्या वर्गात दर दोन मिनिटांनी कोणीतरी म्हणतं, "डोळे मिटा, आत बघा." पाऊल जमिनीवर कुठे टेकलंय, घोटा किती वळलाय, ही खबर पायाकडून मेंदूकडे सतत जात असते. माझ्याकडे ती खबर अपुरी जाते आणि उरलेली कसर डोळे भरून काढतात. डोळे मिटले की मी कुठे आहे हे मलाच ठाऊक नसतं. न्यूरॉलॉजिस्ट पाय जुळवून, डोळे मिटून उभं करतात आणि माणूस डोलतो का ते बघतात, ती हीच तपासणी. गणपतीत आरतीला सगळे डोळे मिटून टाळ्या वाजवत असतात तेव्हा मी टेबलाची कड धरून, डोळे सताड उघडे ठेवून बाप्पाकडे बघत असते. सासूबाईंना ती भक्ती वाटते. असू दे.

त्या हॉलमधून मला बाहेर काढलं एका फिजिओथेरपिस्ट मुलीने. तिने अय्यंगार पद्धतीने शिकवणाऱ्या एका ताईंचा पत्ता दिला. बी. के. एस. अय्यंगार हे नाव पुण्यात वाढलेल्या कोणाला नवीन नाही. मूळचे कर्नाटकातल्या बेल्लूरचे. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय यांनी पोखरलेलं शरीर. १९३७ साली, विशीही न गाठलेला हा मुलगा सहा महिन्यांसाठी म्हणून डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला आला आणि २०१४ साली पुण्यातच गेला. मॉडेल कॉलनीजवळची त्यांची संस्था १९७५ची. आसन अचूक झालंच पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि ते अचूक व्हावं म्हणून दोर, पट्टे, विटा, लोड, लोखंडी घडीच्या खुर्च्या, जे हाताला लागेल ते त्यांनी कामाला लावलं.

ताईंच्या वर्गात पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आलं ते हे की खुर्च्या फक्त आजाऱ्यांना दिलेल्या नव्हत्या. माझ्या शेजारी एक धडधाकट, नाचणारी मुलगी होती, तीही खुर्चीच्या मोकळ्या पाठीतून पाय घालून बसली होती. तिच्या खांद्यांखाली लोड, माझ्याही. फरक एवढाच की ती आधाराने आणखी खोल जात होती आणि मी आधाराने तिथवर पोचत होते. "बिचारीसाठी सोपं करून दिलंय" असं मला तिथे वाटलं नाही. कारण ते सोपं केलेलं नव्हतंच.

तिथे जे करते त्यातलं थोडं सांगते. भिंतीला पाठ लावून ताडासन, टाचा भिंतीपासून जराशा पुढे. भिंत पाठीला सांगत राहते की मी सरळ आहे की नाही, पायांनी न कळवलेली खबर भिंत कळवते. भिंतीतल्या कड्यांचा दोर कंबरेभोवती घेऊन अधोमुख श्वानासन. त्याने पोटऱ्या आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचा ताठरपणा सैल होतो, तो इतका सैल होतो की उठल्यावर दोन मिनिटं चालायला भीती वाटते. हे कोणी आधी सांगत नाही. एमएसमध्ये काही जणांचा ताठरपणा हाच त्यांचा आधार असतो, पाय लाकडासारखा होतो म्हणून तर त्यावर उभं राहता येतं. तो सगळा काढून घेतला तर माणूस खाली बसेल. म्हणून ताण द्यायचा तो बेताने, आणि लगेच जिना उतरायला जायचं नाही.

शवासनाबद्दलही बोललं पाहिजे, कारण सगळ्यांना वाटतं की ते तरी आम्हाला जमत असेल. पाय सरळ सोडले की माझा डावा पाय अचानक आखडून वर उडतो. शांत पडलेल्या हॉलमध्ये माझी टाच सतरंजीवर आपटते. गुडघ्यांखाली जाड लोड घेतला की बहुतेक वेळा शांत राहतो. झोप मात्र लागते. गाढ.

आणि या सगळ्याच्या आधी आणि नंतर येतं ते आमचं सर्वात कठीण आसन, ज्याचं नाव कुठल्याच पोथीत नाही. जमिनीवर बसणं आणि जमिनीवरून उठणं. आपला सगळा योग जमिनीवर, पंगत जमिनीवर, सत्यनारायण जमिनीवर. ताईंनी मला कितीतरी वर्ग फक्त उठायला शिकवलं. कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग चार पायांवर, खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही तळवे, बळकट पाय पुढे, तो उजवा, आणि मग उठायचं, खुर्चीची पाठ भिंतीला टेकलेली आहे हे आधी बघून. मी घरात दोनदा न्हाणीघराबाहेर पडले तेव्हा हेच कामी आलं. नवरा ऑफिसातून यायची वाट बघत फरशीवर बसून राहावं लागलं नाही. माझ्या हिशेबी योगाने मला दिलेली ही सर्वात मोठी गोष्ट आहे.

याच पद्धतीच्या योगावर अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये प्रयोग झाला आणि २००४ साली प्रसिद्ध झाला, हे मला पुढे कळलं. पुण्यातून निघालेली पद्धत, पोर्टलंडचे पेशंट. ६९ जण, सहा महिने. काहींना आठवड्याला अय्यंगार योगाचा वर्ग, काहींना व्यायामाची सायकल, काहींना नुसतं थांबायला सांगितलेलं. लक्ष, स्मरण यांत काही फरक पडला नाही. थकवा मात्र कमी झाला, आणि तो योगवाल्यांचाही झाला आणि सायकलवाल्यांचाही. २०१४ साली अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही योग हा इतर व्यायामापेक्षा सरस ठरला नाही. आईच्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती खट्टू होईल. मला उलट बरं वाटलं. चमत्कार म्हणून गळ्यात पडलेली गोष्ट एक दिवस साथ सोडते. थोडा थकवा कमी करणारी गोष्ट रोजच्या वापरात ठेवता येते.

एमएसचा थकवा हा शब्द मी इथे सहज लिहून गेले, पण तो दुपारी डुलकी काढून जाणारा थकवा नव्हे. भाजी चिरताना सुरी खाली ठेवावी लागते, वाक्य मध्येच सोडून द्यावं लागतं, असा तो. ज्याला आहे त्याला सांगायची गरज नाही आणि ज्याला नाही त्याला सांगून उपयोग नाही.

ताई ची या संथ चिनी व्यायामाकडे मी गेले ती उत्सुकतेने, आणि थोडी ताईंचा वर्ग सकाळी दहाचा होता म्हणून. मेमध्ये दहा म्हणजे मला उशीर. आमच्या भागातल्या एका सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये पहाटे ज्येष्ठ नागरिकांसाठी ताई ची चालायचं. शिकवणारे सर निवृत्त इंजिनिअर, नोकरीत तैवानला राहून शिकून आलेले. आईला बरेच दिवस वाटत होतं की हाही कुठल्या तरी ताईचाच क्लास आहे, आणि त्या ताईला दाढी कशी, हे तिला फोटो बघून कळेना.

ताई ची हे मुळात लढायचं शास्त्र. चीनच्या हनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावापर्यंत त्याचं मूळ नेतात. आज जगभर बागांमधून लोक जे करतात ते बहुतेक १९५६ साली चिनी सरकारच्या क्रीडा खात्याने यांग शैलीतून निवडून बांधलेला २४ हालचालींचा संच असतो. सगळा केला तर पाच-सहा मिनिटांचा. सर म्हणाले, "तुम्हाला चोवीस नकोत. तुम्हाला चालायला शिकवतो." मला जरा रागच आला. चालता येत होतं की मला, काठी घेऊन का होईना.

पण ती चाल वेगळी होती. सगळं वजन उजव्या पायात घ्यायचं, पूर्ण. डावा मोकळा झाला याची खात्री होईपर्यंत तो उचलायचा नाही. मग तो पुढे टेकवायचा, टाच आधी, पण त्याला वजन द्यायचं नाही, वीज गेलेल्या जिन्यात आई पुढची पायरी पायाने चाचपते तसा. सर मध्येच म्हणणार, "उचला परत." उचलता आला तर पाऊल बरोबर. नाही आला तर वजन चोरून पुढे गेलेलं आहे. खात्री पटली की मग वजन सावकाश पुढे ओतायचं, टाचेतून तळव्यात, तळव्यातून चवड्यात.

आपण एरवी चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला थोडेसे पडतच असतो आणि पुढचा पाय आपल्याला वेळेवर झेलतो. निरोगी माणसाला हे कळायचं कारण नाही. माझा डावा पाय झेलायला वेळेवर येईल याची हमी नसते. तो दमला की चवडा गळतो आणि उंबऱ्याला, सतरंजीच्या कडेला, कशालाही अडखळतो. ताई चीच्या चालीत पाऊल पडलेलं असतं आणि तरी माघार घेता येते. टाच आधी टेकायची म्हणजे चवडा वर उचलणं आलंच, तेही सवडीने, जेणेकरून उशिरा येणाऱ्या निरोपालाही पोचायला वेळ मिळावा.

इथेच मला पुन्हा ताईंच्या वर्गातल्या खुर्चीसारखी गोष्ट दिसली. फिजिओथेरपीत मी समांतर दांड्यांमध्ये एकटी चालते, बाकीचे माझ्याकडे बघत उभे. इथे सत्तरीचे वकील, त्यांची बायको, स्वतः सर, सगळे माझ्याच चालीने चालत होते. पाऊल टाकताना विचार करणं ही माझी मजबुरी आहे. त्यांनी ती आपण होऊन पत्करलेली होती आणि सर तर कित्येक वर्षं तेच सुधारत होते. एमएसच्या माणसाला "हळू चाला" असं सांगणारे खूप भेटतात. हळू चालणं हे भारी चालणं आहे असं मानणारी माणसं मला या एकाच ठिकाणी भेटली. म्हणून "आजाऱ्यांसाठीचं सौम्य ताई ची" अशी वेगळी पाटी लावून आम्हाला कोपऱ्यात बसवणारे वर्ग मला फारसे आवडत नाहीत. धीमेपणा हा त्यातला मूळ मालच आहे, आमच्यासाठी पाणी घालून पातळ केलेला नाही.

आणि ते हलकंही नाही, हे सांगायला हवं. गुडघे सतत किंचित वाकलेले ठेवायचे. मांडीतली ताकद कमी झाली की आम्ही नकळत गुडघा मागे ढकलून कुलूप लावतो आणि त्या कुलपावर उभे राहतो, सांध्याची वाट लागते. ताई चीत ते कुलूप काढावं लागतं. दोन-तीन मिनिटांत मांड्या थरथरायला लागतात. थरथर सुरू झाली की मी खुर्चीत बसते आणि हात चालू ठेवते. 'ढगांसारखे हात' नावाची हालचाल बसूनही तितकीच छान होते, वजन एका कुल्ह्यावरून दुसऱ्यावर न्यायचं आणि हात कमरेच्या मागोमाग. व्हीलचेअरवरचे आमचे एक मित्र, निवृत्त पोस्टमास्तर, ही एकच हालचाल करतात आणि तिच्यानंतर पाठ कमी दुखते म्हणतात. मी मात्र हातामागोमाग मान आणि नजर वळवत नाही, मला चक्कर येते. सरांनी आधी ते चालवून घेतलं नाही, मग घेतलं.

यावरही प्रयोग झालेत, पण योगापेक्षा लहान. जर्मनीत ३२ जणांचा एक झाला, २०१४ साली छापून आला. सहा महिने ताई ची करणाऱ्यांचा तोल, अंगाची जुळणी आणि उदासी सुधारली. थकवा कमी झाला नाही, पण न करणाऱ्यांचा वाढला तसा त्यांचा वाढलाही नाही. ३२ माणसांवरून जगाला सांगत सुटू नये हे खरं. पण जिथे आहे तिथे थांबून राहणं हेसुद्धा ज्या आजारात कमाई धरतात, तिथे "वाढला नाही" हे मी दोनदा वाचलं.

उन्हाळ्याची माझी व्यवस्था अशी. उठल्या उठल्या अंग ताठ असतं, दुपारी अंग तापलेलं असतं, तेव्हा या दोहोंच्या मधला साधारण सहा ते सातचा वेळ धरायचा. आधी थंडगार पाणी प्यायचं. गळ्याभोवती ओला पंचा. कूलरसमोर जागा, ज्येष्ठांची सर्दी होईल ही कुरकुर ऐकून घेऊन. आणि कुठल्याही नव्या वर्गात गेले की आधी संडास कुठे आहे ते बघून ठेवायचं. मूत्राशयाचेही निरोप गोंधळलेले असतात, त्याबद्दल कोणी लिहीत नाही. मग बायका पाणी पिणंच कमी करतात आणि तापतात, आणि चक्र पुन्हा सुरू.

किती करायचं याचं माझं माप आता असं आहे की व्यायामानंतर तासाभराने मी पोळ्या लाटू शकले पाहिजे. लाटता आल्या नाहीत तर त्या दिवशी जास्त झालं. आजोबांच्या सतरंजीवर ओला ठसा उमटे, माझी कोरडी असते. आईला हे अजून पचत नाही. "झाला पण तुझा व्यायाम? केस पण विस्कटले नाहीत," ती म्हणते. आता तिचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून तीही माझ्याबरोबर येते, मागच्या रांगेत खुर्चीत बसते आणि ढगांसारखे हात माझ्यापेक्षा डौलदार करते.

सध्या माझं आणि सरांचं वाजलंय ते 'सोनेरी कोंबडा' या हालचालीवरून. एका पायावर उभं राहून दुसरा गुडघा वर घ्यायचा, बराच वेळ. मी ती वगळते. सरांचं म्हणणं, खिडकीच्या गजाला हात लावून का होईना करा, उजव्या पायावर तर तुम्ही सहज उभ्या राहाल. उजव्यावर राहीनच, पण संच डाव्यावरही उभं करतो, आणि गज धरून केलेलं ते काय कोंबडा, असं माझं म्हणणं. वकीलकाका सरांच्या बाजूने आहेत. आई माझ्या बाजूने, पण ती कोंबडा न बघताच. पुढच्या आठवड्यात सर गजाऐवजी खुर्चीची पाठ आणून ठेवणार आहेत, भिंतीला टेकवून. बघू.